वेब होस्टिंग कंट्रोल पॅनेलमधील स्पॅम गाळणीचे व्यवस्थापन : रत्नागिरीतील लघुव्यावसायिकांच्या संदर्भात

बीजसंज्ञा : ई-मेल, स्पॅम, गाळणी, गुणमर्यादा, सीपॅनेल

प्रस्तावना

रत्नागिरी जिल्ह्यातील आंबा बागायतदार, काजू प्रक्रिया उद्योजक आणि पर्यटन व्यावसायिक यांपैकी अनेकांनी स्वतःची संकेतस्थळे उभारली आहेत. संकेतस्थळासोबत स्वतःच्या नावाचा ई-मेल पत्ताही मिळतो आणि तो संकेतस्थळावर ठळकपणे छापला जातो. असे जाहीर पत्ते स्वयंचलित प्रणाली गोळा करतात व त्यांवर अनाहूत पत्रांचा, म्हणजेच स्पॅमचा, मारा सुरू होतो. हा मारा थोपविण्यासाठी गाळणी बसविली जाते. परंतु गाळणी चुकीची लावल्यास स्पॅमसोबत ग्राहकाची मागणीही नाहीशी होते. हापूसचा मुख्य हंगाम जेमतेम अडीच-तीन महिन्यांचा असतो. त्या काळात हरवलेले पत्र जूनमध्ये सापडून उपयोग नसतो. या दृष्टीने स्पॅम गाळणीचे कार्य व तिचे व्यवस्थापन यांचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पार्श्वभूमी

३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थुअर्क यांनी आर्पानेटवरील सुमारे चारशे व्यक्तींना एकाच वेळी जाहिरातपत्र पाठविले. ते पहिले स्पॅम मानले जाते. पुढे या उपद्रवावर अनेक उपाय निघाले. त्यांपैकी स्पॅमअ‍ॅसॅसिन ही मुक्त आज्ञावली जस्टिन मेसन यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केली. सीपॅनेल या बहुप्रचलित कंट्रोल पॅनेलमधील ‘स्पॅम फिल्टर्स’ हा विभाग याच आज्ञावलीवर आधारलेला आहे.

गाळणीचे कार्य

गाळणीला पत्राचा अर्थ कळत नाही. ती त्याच्या लक्षणांचे वजन करते. प्रत्येक लक्षणाला ठरावीक गुण असतात. संशयास्पद लक्षणाने गुण वाढतात, विश्वासार्ह लक्षणाने कमी होतात. बेरीज गुणमर्यादेपर्यंत पोचली की पत्र स्पॅम ठरते. ही मर्यादा मुळात ५ असते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. परदेशातील एका ग्राहकाने प्रथमच मागणीपत्र पाठविले. त्याची विषय-ओळ संपूर्ण मोठ्या इंग्रजी अक्षरांत आहे, मजकुराऐवजी केवळ एक चित्र जोडलेले आहे आणि ज्या सर्व्हरवरून ते आले त्याची नोंद एका काळ्या यादीत आहे. समजण्यापुरते या लक्षणांना अनुक्रमे १, १.५ व २ गुण दिल्यास बेरीज ४.५ होते. मर्यादा ५ असेल तर पत्र इनबॉक्समध्ये येते. ती ४ केली तर तेच पत्र स्पॅम ठरते. म्हणजे मर्यादा जितकी खाली, तितकी गाळणी कडक. आकडा वाढविल्याने संरक्षण वाढते, हा समज चुकीचा आहे.

याशिवाय संभाव्यतेवर आधारित बेज पद्धतीने गाळणी शिकूही शकते. त्यासाठी स्पॅमअ‍ॅसॅसिनला मुळात किमान २०० स्पॅम व २०० योग्य पत्रे लागतात. योग्य पत्रांच्या नमुन्यांत मराठी पत्रेही असावीत. काही व्यवस्थांत भाषेनुसार पत्रे अडविण्याची सोय असते. ती वापरल्यास अनुमत भाषांत मराठीचा समावेश आवर्जून करावा.

कंट्रोल पॅनेलमधील प्रमुख पर्याय

१) स्पॅम बॉक्स : स्पॅम ठरलेली पत्रे वेगळ्या कप्प्यात जातात, नष्ट होत नाहीत. मात्र कार्यालयातील संगणक पॉप पद्धतीने पत्रे उतरवून घेत असेल तर त्यावर फक्त इनबॉक्स दिसतो. हा कप्पा पाहण्यासाठी वेबमेल किंवा आयमॅप वापरावे लागते. अनेकांना या कप्प्याचे अस्तित्वच ठाऊक नसते, त्याचे कारण बहुधा हेच. तसेच हा कप्पा खात्याच्या साठवण-मर्यादेत मोजला जातो. तो वेळोवेळी रिकामा न केल्यास खाते भरते व चांगली पत्रेही परत जाऊ लागतात.

२) स्वयंचलित विलोपन : यासाठी स्वतंत्र गुणमर्यादा ठरविता येते. पुसलेले पत्र परत मिळत नाही आणि ते आले होते हेही प्राप्तकर्त्याला समजत नाही. हा पर्याय शक्यतो बंद ठेवावा. वापरायचाच असल्यास त्याची मर्यादा नेहमीच्या मर्यादेपेक्षा बरीच वर असावी.

३) श्वेतसूची व काळी यादी : नेहमीचे ग्राहक, बँक व वाहतूकदार यांचे पत्ते श्वेतसूचीत घालावेत. स्वतःचे संपूर्ण डोमेन मात्र तीत घालू नये. पाठविणाऱ्याचे नाव खोटे लिहिणे सोपे असल्याने आपल्याच नावाने आलेले फसवे पत्र त्या दाराने आत शिरते. काळ्या यादीचा उपयोगही मर्यादित आहे, कारण स्पॅम पाठविणारे पत्ते सतत बदलतात.

पाठविणाऱ्याची जबाबदारी

आपण पाठविलेले दरपत्रकही समोरच्याच्या गाळणीतून जाते. पत्र अधिकृत सर्व्हरवरून आले आहे हे सिद्ध करण्यासाठी एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क या नोंदी डोमेनच्या डीएनएसमध्ये असाव्या लागतात. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल व याहू यांनी मोठ्या प्रमाणावर पत्रे पाठविणाऱ्यांसाठी या तिन्ही बाबी आवश्यक केल्या आहेत. सीपॅनेलमध्ये ‘ई-मेल डिलिव्हरेबिलिटी’ या विभागात एसपीएफ व डीकेआयएमच्या नोंदी तपासता येतात.

निष्कर्ष

गाळणीकडून दोन प्रकारच्या चुका संभवतात : स्पॅम आत येणे आणि योग्य पत्र बाहेर राहणे. पहिली चूक डोळ्यांना दिसते आणि क्षणात पुसता येते. दुसरी दिसत नाही आणि तिची किंमत ग्राहकाच्या रूपाने मोजावी लागते. लहान व्यावसायिकाने गाळणी लावताना दुसरी चूक टाळण्यास प्राधान्य द्यावे. त्यासाठी गुणमर्यादा प्रारंभी ५ ठेवावी, विलोपनाऐवजी स्पॅम बॉक्स वापरावा, तो एरवी आठवड्यातून एकदा व हंगामात दररोज तपासावा आणि चुकून अडकलेल्या पत्रांचे पत्ते श्वेतसूचीत नोंदवावेत. पेटी भरताना आंबा हातात घेऊन पारखला जातो. पत्रांच्या बाबतीतही अखेरची निवड गाळणीवर न सोपविता माणसाने स्वतःकडे ठेवणे हिताचे आहे.