तीनशे एकाव्या युनिटचं भूत

"तीनशेच्या वर गेलं ना, की सगळं बिल वरच्या रेटने लागतं." विरारच्या बोळिंजमध्ये भाड्याची खोली बघायला आलेल्या माणसाला हे वाक्य एजंट सांगतो, मालक सांगतो आणि शेजारच्या काकू तर फ्रिजचं मॉडेल विचारून सांगतात. लोक ते इतकं खरं धरतात की महिनाअखेरीला मीटरवरचा आकडा २९० च्या पुढे सरकला की गीझरचं बटण घरात कुणी दाबत नाही. पोरांना गार पाण्याने अंघोळ, रात्री एसी बंद, इस्त्री पुढच्या महिन्यात. का, तर ३०१ वं युनिट पडलं की मागच्या तीनशे युनिटांचाही दर वाढतो म्हणे.

वाढत नाही. महाराष्ट्रात घरगुती विजेचं असं कधीच होत नाही, आणि हे सांगून सांगून आता थोडा वैताग आलाय.

वसई-विरारला वीज महावितरण देतं. खाडीचा पूल ओलांडून भाईंदरहून इकडे राहायला आलेल्यांची कंपनीही बदलते, बिलाचा कागदही बदलतो आणि अर्धा गोंधळ तिथेच सुरू होतो. महावितरणचे घरगुती टप्पे चार: १ ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर. २०२४-२५ च्या दरपत्रकात वीज आकार आणि वहन आकार मिळून या टप्प्यांचे दर होते ५.८८, ११.४६, १५.७२ आणि १७.८१ रुपये. त्यानंतर दर बदललेत, पुढेही बदलतील. टप्प्यांच्या मर्यादा आणि हिशेबाची पद्धत मात्र तीच आहे, म्हणून याच आकड्यांवर करून बघू.

३०० युनिटं जाळली. पहिली शंभर ५.८८ ने, म्हणजे ५८८ रुपये. पुढची दोनशे ११.४६ ने, म्हणजे २,२९२. बेरीज २,८८०. आता ३०१ वं युनिट. त्या एकट्या युनिटाला १५.७२. बेरीज २,८९५ रुपये ७२ पैसे. आधीच्या तीनशेला कुणी हात लावत नाही. काकूंचा हिशेब खरा असता तर हेच बिल ४,७३१ रुपये झालं असतं, एका युनिटापायी साडेअठराशेचा फटका. असा फटका बसलेलं बिल दाखवा म्हटलं की "आमच्या ओळखीत एकाला आलं होतं" एवढंच उत्तर मिळतं.

प्राप्तिकराच्या बाबतीतही लोक हीच चूक करतात. पगार वाढून वरच्या टप्प्यात गेलो तर हातात कमी पडेल म्हणणारे महाभाग प्रत्येक ऑफिसात असतात. पण या विजेच्या समजाला नुसतं अडाणीपण म्हणणंही बरोबर नाही, कारण देशात काही ठिकाणी तो खरा आहे. केरळमध्ये महिन्याचा वापर २५० युनिटांच्या पुढे गेला की टप्पे संपतात आणि सगळ्या युनिटांना एकच चढा दर लागतो. दिल्लीत सरकारी सवलत २०० युनिटांपर्यंत पूर्ण आणि ४०० पर्यंत अर्धी. त्यापुढे गेलात तर सवलतच नाही. विरार लोकलमध्ये सगळ्या राज्यांची माणसं असतात. कुणाचा भाऊ कोचीला, कुणाची बहीण दिल्लीत. तिकडचा नियम फोनवरून इकडे आला आणि बोळिंजच्या जिन्यात मुक्कामाला राहिला. त्यात २०२४ पासून छतावरच्या सौर योजनेच्या जाहिरातींतून "३०० युनिट मोफत" हे शब्द कानावर आदळताहेत. तीनशे या आकड्याभोवती वलय तयार झालं ते असं.

गंमत म्हणजे खरी उडी सगळे विसरतात. वरचे दर पुन्हा बघा. ३०१ व्या युनिटाला दर सव्वाचार रुपयांनी वाढतो. १०१ व्या युनिटाला साडेपाच रुपयांनी, म्हणजे जवळजवळ दुप्पट. दोघं नोकरीला जाणारी, एसी नसलेली, फक्त फ्रिज, पंखे आणि गीझरवाली कुटुंबं याच शंभरच्या आसपास घोटाळत असतात. गीझरचा खर्च त्यांच्यासाठी काढायचा तर असा काढावा लागतो: एका अंघोळीला वीस लिटर पाणी, २५ अंशांवरून ४० वर. त्याला साधारण ०.३५ युनिट लागतं. चार माणसांचं दिवसाला १.४, महिन्याला ४२ युनिटं. घराचा बाकी वापर पन्नासच्या आत असेल तर या ४२ युनिटांचे अडीचशे रुपये. बाकीच्या वापरानेच शंभरी ओलांडली असेल तर तेच पाणी ४८० रुपयांना पडतं, वर १६ टक्के वीज शुल्क. गीझर तोच, माणसं तीच. म्हणून "आमचा गीझर महिन्याला अमुक खातो" अशी तुलना दोन घरांत करण्यात काही अर्थ नाही.

भाडेकरूला खरा मार बसतो तो मात्र वेगळ्याच जागी, आणि तिथे कुणी बोलत नाही.

बोळिंज गावठाणात, डोंगरपाड्याच्या अंगाला अशी कितीतरी बैठी घरं आणि चाळी आहेत जिथे चार खोल्यांना मिळून महावितरणचं मीटर एकच. मालकाने आत प्रत्येक खोलीला सबमीटर लावलेलं असतं. महिन्याला मालक बिल वाटून देतो आणि प्रामाणिकपणे म्हणतो, "मी एक पैसा वर घेत नाही." खरंच घेत नसेल. तरीही बघा. प्रत्येक खोलीत १५० युनिटं. मुख्य मीटरवर ६००. पहिली शंभर ५८८ रुपयांना, पुढची दोनशे २,२९२ ला, त्यापुढची दोनशे ३,१४४ ला, शेवटची शंभर १,७८१ ला. एकूण ७,८०५ रुपये, म्हणजे युनिटामागे तेरा. याच चार खोल्यांना चार स्वतंत्र मीटर असती तर दीडशे युनिटांचे प्रत्येकी १,१६१ रुपये, चौघांचे मिळून ४,६४४. शुल्क मिळवलं, जादा तीन मीटरांचा स्थिर आकार वजा केला, तरी महिन्याला तीन हजारांहून जास्त रुपये निव्वळ एका मीटरखाली राहण्याचे जातात. स्वस्तातली पहिली शंभर युनिटं सरकार घरामागे देतं असं लोकांना वाटतं. ती मिळतात मीटरमागे.

तेव्हा तीनशेच्या भुताला घाबरून फ्रिज बंद करणाऱ्या भाडेकरूने आधी मालकाला विचारावं: "दादा, या मीटरवर किती खोल्या आहेत?" सबमीटरच्या युनिटाला सरसकट पंधरा रुपये लावणारा मालक असेल तर मुख्य मीटरचं बिल बघायला मागावं. खर्च वाटून घेणं एक, त्यावर नफा काढणं वेगळं. परवान्याशिवाय वीज विकायला विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १२ ने मनाई आहे. जर्मनीत भाड्याने राहणाऱ्या मराठी पोरांना खर्च वाटण्याचा हाच प्रश्न घर तापवण्याच्या बिलात भेटतो. तिथे सामाईक हीटिंगच्या खर्चातला ५० ते ७० टक्के भाग प्रत्येक घराच्या मोजलेल्या वापराप्रमाणेच वाटायचा असा नियम आहे. आपल्याकडे वाटपाचा नियम म्हणजे मालकाची वही.

मालकाला विचारा म्हटलं की ठरलेलं उत्तर येतं: "मीटर मालकाच्या नावावर आहे, आपल्याला काय बोलता येणार?" हा दुसरा मोठा गैरसमज, आणि तो मालकांच्या सोयीचा आहे. विद्युत अधिनियमाच्याच कलम २(१५) मधल्या 'ग्राहक' या व्याख्येत, ज्याची जागा त्या वेळी वीजपुरवठ्याला जोडलेली आहे अशी व्यक्तीही येते. बिलावर नाव कुणाचं हा मुद्दा तिथे नाही. कलम ४३ तर सरळ सांगतं की जागेच्या मालकाने किंवा ताबेदाराने अर्ज केला तर वीज द्यायची. नोंदणी केलेला लिव्ह अँड लायसन्सचा करार हा ताब्याचाच कागद आहे. व्यवहारात कार्यालय मालकाचं संमतीपत्र मागतं आणि मालक ते द्यायला तोंड वाकडं करतो, हे मान्य. पण "कायद्यातच नाही" आणि "मालक देत नाही" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चुकीच्या बिलाची तक्रार आधी १९१२ वर किंवा उपविभागात करावी. दाद मिळाली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्याच्यावर विद्युत लोकपाल. वसई मंडळ कल्याण परिमंडळात मोडतं, त्यामुळे मंचाची पायरी कल्याणची.

उन्हाळ्याच्या तोंडाला नेहमीच्या बिलासोबत आणखी एक कागद येतो, सुरक्षा ठेवीचा. भाडेकरू ते वाढीव बिल समजून गुपचूप भरून टाकतात. ते बिल नव्हे. २०२१ च्या पुरवठा संहितेप्रमाणे ग्राहकाची ठेव सरासरी दोन महिन्यांच्या बिलाइतकी असावी लागते. वापर वाढला की फरक मागतात. ती ठेव कनेक्शन ज्याच्या नावावर त्याच्या खात्यात जमा होते, तिच्यावर व्याज मिळतं, आणि कनेक्शन बंद केल्यावर परत मिळते ती त्यालाच. अकरा महिन्यांनी खोली सोडणाऱ्याने ती भरली असेल तर मालकाकडून डिपॉझिटच्या हिशेबात लिहून घ्यावी.

"रीडिंग उशिरा घेतलं म्हणून वरच्या टप्प्यात ढकललं" अशीही ओरड असते. दोन महिन्यांचं रीडिंग एकदम आलं तर टप्प्यांच्या मर्यादाही दुप्पट धरायच्या असतात. २०२० च्या जूनमध्ये, टाळेबंदीनंतर, महिनोन्‌महिन्यांची एकत्र बिलं आली तेव्हा राज्यभर बोंब झाली होती. महावितरणने तेव्हा हाच खुलासा केला: युनिटं महिन्यांत विभागली आहेत आणि टप्प्यांचा फायदा प्रत्येक महिन्याचा दिला आहे. तो फायदा आपल्या बिलात दिसतोय का, हे कॅल्क्युलेटर घेऊन पाच मिनिटांत तपासता येतं. दिसत नसेल तर ती तक्रार पक्की.

राहता राहिले गीझर-पंख्यांचे बारके समज, त्यांचा निकाल झटपट लावतो.

गीझर दिवसभर चालू ठेवला की कमी वीज लागते: चूक. टाकीतली उष्णता बाहेर झिरपत राहते, आणि जुन्या गीझरमध्ये नळ न उघडताच दिवसाला अर्धं-एक युनिट जाऊ शकतं. तीन हजार वॅटचा इन्स्टंट गीझर दोन हजारवाल्यापेक्षा जास्त खातो: तो कमी वेळ चालतो, पाणी तेवढंच तापवायचं तर वीजही जवळपास तेवढीच. बोअरच्या क्षाराच्या पाण्याने बिल वाढतं: इथले प्लंबर हे छातीठोकपणे सांगतात, पण कॉइल पाण्यातच असते आणि तिची उष्णता शेवटी पाण्यातच जाते. क्षाराने कॉइल जळते, त्याचा खर्च वेगळा. विरारला सूर्या योजनेचं पाणी येऊ लागलं तरी टँकर आणि बोअर काही सुटलेले नाहीत, म्हणून कॉइलवाल्यांचा धंदा बरा चाललाय.

एसी १६ वर लावला की खोली लवकर थंड होते: साध्या एसीचा कॉम्प्रेसर १६ वरही तेवढ्याच ताकदीने चालतो, फक्त थांबत नाही. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या हिशेबाने तापमान एक अंश वर ठेवलं की साधारण ६ टक्के वीज वाचते. २०२० पासून नवे एसी सुरू होताना २४ वर येतात ते त्याच कारणाने. पंखा हळू केला तरी वीज तेवढीच: जुन्या डबड्यासारख्या रेग्युलेटरपुरतं यात थोडंफार तथ्य, कारण वाचलेल्यातली बरीच वीज त्या डब्याला तापवण्यात जाते. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरला ते लागू नाही. विजेऐवजी गॅस गीझर बरा: बिलापुरता बरा असेल, पण खिडकी नसलेल्या बंद बाथरूममध्ये कार्बन मोनॉक्साइडने माणसं मेली आहेत. यात थट्टा नाही.

आणि "नवीन मीटर पळतं". पळत असेलही एखादं, ते तपासायला शुल्क भरून अर्ज करता येतो. त्याआधी स्वतः करायची चाचणी फुकट आहे. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी किती लुकलुकींना एक युनिट ते छापलेलं असतं, उदाहरणार्थ ३२००. घरातलं सगळं बंद करून फक्त दोन हजार वॅटचा गीझर लावा, पाणी गार असताना. मिनिटाला साधारण १०७ लुकलुकी यायला हव्यात. दीडशे आल्या तर अर्ज करा. मग घरातला मेन स्विच खाली पाडून पुन्हा मीटरपाशी या. दिवा तरीही लुकलुकत राहिला, तर तुमच्या मीटरवर दुसऱ्या कुणाचा तरी पंप किंवा जिन्यातला दिवा चालतोय. मालकाला हाक मारायची ती त्याच मिनिटाला, स्विच खालीच ठेवून.