लॅपटॉप अचानक बंद पडल्यास हिशेब कसा वाचवावा

उपसा सिंचन संस्थांची पाणीपट्टी हल्ली लॅपटॉपवर असते. बॅटरी उतरलेली, त्यात वीज गेली, की यंत्र अर्ध्या कामात बंद पडते ते पुन्हा सुरूच होत नाही. अशा वेळी लगेच फॉरमॅट मारू देऊ नका, असे आम्ही गटागटांत सांगत असतो.

आधी कान लावा. हार्ड डिस्कच्या तबकड्या मिनिटाला बहुधा ५,४०० फेरे घेतात आणि वाचणारे टोक केसाच्या जाडीहूनही कमी अंतरावर तरंगते. टकटक आवाज येत असेल तर पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका; उरलेसुरले खरवडून निघेल. सरळ जाणकाराकडे द्या.

आवाज नसेल आणि बायोसच्या पडद्यावर डिस्कचे नाव दिसत असेल, तर बहुधा फायलींची नोंदवही तेवढी विस्कटलेली असते. ऊस नोंदीचे पान फाटले म्हणून ऊस काही रानातून जात नाही, तसेच हे. डिस्क काढून यूएसबी डबीत घालावी, दुसऱ्या संगणकाला जोडून सर्व फायली उतरवून घ्याव्यात आणि मगच चेकडिस्क चालवावे. दुकानदार घाईने उलटे करतो. पण चेकडिस्क दुरुस्ती करताना तुटक्या फायली छाटूही शकते. जोडल्यावर बिटलॉकरची किल्ली मागितली तर तो ४८ आकडी क्रमांक बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडतो.

नव्या लॅपटॉपात तबकड्यांऐवजी एसएसडी असते; तिथे कान लावून उपयोग नाही.