गंजलेली किंगपिन कशी काढावी?

उसाने भरलेला ट्रक आपण नेहमी पाहतो. त्याच्या पुढच्या दोन चाकांमध्ये एक जाड पोलादी दांडा आडवा असतो. त्याला आस म्हणतात. गॅरेजातले कारागीर त्याला एक्सल म्हणतात.

आसाच्या दोन्ही टोकांना एकेक उभे भोक असते. त्यात साधारण वीतभर लांबीची जाड पोलादी खीळ बसवतात. हीच किंगपिन. दार जसे बिजागरीच्या खिळीवर फिरते, तसे चाक या खिळीवर डावीउजवीकडे वळते.

ही खीळ झिजली की चाक डगमगते. गाडी रस्ता सोडू पाहते. मग नवी खीळ घालावी लागते. पण जुनी काही केल्या निघत नाही. असे का होते?

खिळीच्या वरच्या आणि खालच्या टोकाला बुश असतात. ग्रीस त्यांना मिळते. मधला भाग आसात घट्ट बसलेला असतो. तिथे ग्रीस पोचत नाही, पण चिखलपाणी झिरपते. लोखंड गंजते. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. त्यामुळे खीळ भोकात आवळली जाते.

आता ती काढायची कशी?

आधी जिवाची काळजी घ्या. गाडी सपाट जागी उभी करा. मागच्या चाकांना पुढून आणि मागून ठोकळे लावा. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नका. जॅक सरकला तर खालचा माणूस चिरडतो. आसाखाली मजबूत लोखंडी घोड्या लावा. विटांचा टेकू देऊ नका. वीट ओझ्याने फुटते.

चाक उतरवल्यावर आसात एक लहान आडवी पिन शोधा. ती किंगपिनला कुलपासारखी अडकवून ठेवते. ती काढल्याशिवाय कितीही ठोका, उपयोग नाही. खिळीच्या वरची आणि खालची झाकणेही काढा.

मग गंज सोडवणारे तेल सोडा आणि रात्रभर थांबा. सकाळी पुन्हा सोडा.

खिळीच्या डोक्यावर सरळ घण घालू नका. डोके पसरते आणि खीळ आणखीच अडकते. खिळीपेक्षा थोडा बारीक पितळी दांडा मधे धरा आणि त्यावर ठोका. डोळ्यांना चष्मा हवाच. पोलादाची कपची उडाली तर डोळा जातो.

तरीही निघाली नाही, तर गॅसच्या ज्योतीने आस लाल करू नका. पोलादाचा कस जातो. असा आस पुढे भर रस्त्यात मोडू शकतो. त्यापेक्षा प्रेस असलेल्या गॅरेजात जा. प्रेस म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे यंत्र. ते खिळीला सरळ आणि सारखे रेटते. चार पैसे जातील, पण आस वाचेल.

नवी खीळ बसवण्याआधी भोकातला गंज साफ करा. पुढे वेळच्या वेळी ग्रीस भरा.

शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ, हे लोखंडाच्या कामातही खरे आहे.