बीच ठरवताय? आधी तिथी बघा!

शेवटचा पेपर देऊन बाहेर आलं की कॅन्टीनमध्ये पहिला विषय कोणता निघतो? 'चला, बीचवर जाऊ या!' लगेच व्हॉट्सअॅप ग्रुप तयार होतो आणि पोलही पडतो. अलिबाग की केळवे? काशीद की वसई? कोणी रील टाकतं, कोणी 'माणशी किती?' विचारतं आणि शेवटी ज्याचा फोटो भारी, तो बीच जिंकतो. तुमच्याही ग्रुपमध्ये असंच होतं ना? आमच्याही झालं होतं. म्हणून थोडं सविस्तर सांगते.

गेल्या डिसेंबरात आम्ही पाच जण डोंबिवलीहून निघालो. लोकलने सीएसएमटी, गेटवेवरून बोटीने मांडवा आणि तिथून बसने अलिबाग. पोहोचेपर्यंत बारा वाजले. कुलाबा किल्ल्यापर्यंत पाणी गुडघ्याएवढंच होतं, त्यामुळे चालत गेलो. आत गणपतीचं देऊळ आहे, गोड्या पाण्याची विहीर आहे, तटावरून दिसणारा समुद्र तर विचारूच नका. फोटो काढता काढता तास कसा गेला, कळलं नाही. परत निघालो तेव्हा पाणी कमरेच्या वर आलं होतं. मैत्रिणीचा पाय घसरला, ती एकदा पाण्याखाली गेली. तिला पोहता येत नव्हतं. दोघांनी तिचे हात घट्ट धरले म्हणून निभावलं. किनाऱ्यावर एक कोळी काका आमच्याकडेच बघत उभे होते. ओरडले नाहीत, एवढंच विचारलं, "आज तिथी कोणती, पोरांनो?" पाचांपैकी एकालाही सांगता आली नाही. ती षष्ठी होती.

पाऊणपट करा, वेळ काढा

काकांनी तिथेच वाळूत बोटाने गणित मांडलं. कोकणात ते घरोघरी माहीत असतं. तिथीची पाऊणपट केली की येते ती पूर्ण भरतीची साधारण वेळ. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा. त्यापुढे किंवा मागे साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशोब तोच. आता आमची षष्ठी घ्या. सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे ओहोटी साडेदहाला. आम्ही बाराला किल्ल्याकडे निघालो तेव्हा पाणी दीड तासापासून चढत होतं. आणि आम्हाला वाटत होतं, वा, काय मस्त उथळ आहे!

आणखी दोन शब्द लक्षात ठेवा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास येते ती उधाणाची भरती. तेव्हा पाणी खूप चढतं, तसंच खूप ओसरतंही. अष्टमीच्या आसपासची ती भांगाची भरती, तिचा चढ-उतार कमी. मोठागावच्या रेतीबंदरावर खाडीचं पाणी कधी पायऱ्यांशी असतं, कधी चिखल उघडा पडतो, ते याच हिशोबाने. समुद्र आपल्यापासून लांब वाटतो, पण तो रोज दोनदा आपल्या खाडीत येऊन जातो.

हे गणित अंदाजापुरतं आहे. निघण्यापूर्वी त्या दिवसाचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक मोबाइलवर बघाच.

मग कुठे जायचं?

हाताशी फक्त अर्धा दिवस असेल तर वसई. कोपरच्या वरच्या प्लॅटफॉर्मवर दिवा-वसई मार्गाची मेमू थांबते. रोज खालून लोकलने जाताना आपण तिच्याकडे बघतही नाही. दादर गाठायची गरज नाही, थेट वसई रोड. तिथून सुरुची बाग, भुईगाव किंवा राजोडी. भर भरतीची वेळ असेल तर आधी वसईचा किल्ला बघा आणि पाणी उतरल्यावर किनाऱ्यावर या. या मार्गावर गाड्या मोजक्या आहेत, त्यामुळे परतीची वेळ सकाळीच बघून ठेवा.

पूर्ण दिवस असेल तर केळवे. विरारहून डहाणू लोकल पकडून केळवे रोडला उतरायचं, पुढे रिक्षा. सुरूचं बन, शितलादेवीचं देऊळ आणि लांबलचक किनारा. ज्यांना पाण्यात न जाता नुसतं बसून गप्पा मारायच्या आहेत, त्यांच्यासाठी उत्तम. एक मुक्काम जमत असेल तर डहाणूच्या पुढे बोर्डी. इथला किनारा सपाट, ओहोटीला पाणी खूप आत जातं. येताना घोलवडचे चिकू आणायला विसरू नका.

कुलाबा किल्ला बघायचा असेल तरच अलिबागची तिथी जुळवा. साडेअकरा-बाराच्या सुमारास ओहोटी असेल असा दिवस निवडा, पण भांगाच्या दिवसांत ओहोटीलाही पाणी पुरतं ओसरत नाही, हे लक्षात असू द्या. आत जायच्या आधी 'कितीपर्यंत परत यायचं?' हे किनाऱ्यावरच्या माणसाला विचारा. तिथी जुळत नसेल तर सरळ नागावला जा, वाटेत आक्षीला उतरा. मराठीतल्या सर्वांत जुन्या मानल्या जाणाऱ्या शिलालेखांपैकी एक तिथे आहे.

आणि काशीद? फोटोत सर्वांत देखणा तोच. पांढरी वाळू, निळसर पाणी. पण तिथल्या लाटा जोरकस आहेत आणि पाणी लवकर खोल होतं. ग्रुपमध्ये न पोहणारे असतील तर काशीद पायांपुरताच ठेवा.

'आम्हाला काय होतंय' म्हणण्याआधी

१ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याच्या एका कॉलेजच्या सहलीतले १४ विद्यार्थी मुरूडच्या समुद्रात बुडाले. ती तुमच्या-आमच्याच वयाची मुलं होती, आपल्यासारखीच सहलीला आलेली. तेव्हा पावसाळाही नव्हता, वादळही नव्हतं.

म्हणून एवढं पाळाच. खाडीच्या मुखाशी पाण्यात उतरू नका, तिथे ओढ जबरदस्त असते. आजूबाजूला लाटा फुटत असताना मधलाच एखादा पट्टा शांत दिसला तर तो सुरक्षित समजू नका. बऱ्याचदा तिथूनच पाणी आत ओढलं जात असतं. त्यात सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नका. आडवे, किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर या. कोणी बुडताना दिसलं तर सगळ्यांनी साखळी करून धावण्याआधी जीवरक्षकाला आणि कोळ्यांना हाक मारा, ११२ ला फोन करा. पावसाळ्यात तर समुद्र लांबूनच बघायचा.

त्या दिवशी घरी आल्यावर मी आजीला विचारलं, "तुला हे पाऊणपटीचं गणित माहीत होतं?" तिचं माहेर रेवदंड्याचं. ती म्हणाली, "तुम्ही विचारून गेलात कुठे?"

तर पुढच्या वेळी ग्रुपवर पोल टाकाल तेव्हा पहिला प्रश्न 'कुठला बीच?' हा नको. 'त्या दिवशी तिथी कोणती?' हा टाका. पाच जण गेलात तर पाचही जण परत यायला हवेत. बाकी माणशी किती, ते नंतर बघू.