गोठा म्हणजे नुसतं जनावरांचं छप्पर नव्हे! ‘गोष्ट’ आणि ‘गोठा’ यांचं नातं काय? ‘बैल गेला अन् झोपा केला’ यातला ‘झोपा’ कोण?

मागच्या महिन्यात एका गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर वाद पेटला होता. ओढ्याला पूर येऊन गेल्यावर पुलाला कठडे बसवायला माणसं आली, तेव्हा कुणीतरी लिहिलं, ‘बैल गेला अन् झोपा केला.’ त्यावर एका कॉलेजच्या पोराने विचारलं, बैल गेल्यावर झोपायचं कशाला? शोधायला नको का? पंधरा-वीस जणांनी उत्तरं दिली. निम्म्यांचं म्हणणं, मालक दुःखाने झोपून राहिला. बाकीच्यांचं म्हणणं, तो आळशीच होता.

दोन्ही चूक. इथे झोपेचा काही संबंध नाही. ‘झोपा’ म्हणजे गोठ्याचं दार. काट्याकुट्या, पाला, बांबू बांधून केलेलं, उचलून आडवं लावायचं कुडाचं दार. बैल चोरीला गेला आणि मग मालकाने गोठ्याला दार केलं, असा त्या म्हणीचा सरळ अर्थ आहे. आता गोठ्यांना लोखंडी फाटक आलं, झोपा गेला, आणि म्हण तेवढी मागे राहिली.

तेव्हाच ठरवलं, या गोठ्यावर एकदा नीट लिहायचं.

शब्द आला कुठून?

संस्कृतात ‘गोष्ठ’ असा शब्द आहे. ‘गो’ म्हणजे गाय आणि ‘स्थ’ म्हणजे राहणं, उभं असणं. गाई जिथे उभ्या राहतात ती जागा. शब्द किती जुना? ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलात गाईंचं एक सूक्त आहे, त्यात तो आलेला आहे. म्हणजे आपण रोज पहाटे बादली घेऊन जिकडे जातो, त्या जागेचं नाव तीन हजार वर्षांच्या आसपास जुनं आहे.

गोष्ठचं गोठा कसं झालं, ते समजायला व्याकरणाचं पुस्तक लागत नाही. ओष्ठचं ओठ झालं, काष्ठची काठी झाली, पृष्ठची पाठ झाली, कोष्ठचा कोठा झाला. तसंच गोष्ठचा गोठा. जीभ जोडाक्षर झिजवते.

पुढे शब्दातली गाय मागे पडली आणि जागा उरली. म्हशीचा गोठा, बैलांचा गोठा असं आपण बिनदिक्कत म्हणतो. नवे लोक भाषा बिघडवतात म्हणणाऱ्यांना सांगा, हे संस्कृतातही झालं होतं. तिथे घोड्यांचा गोष्ठ, म्हशींचा गोष्ठ असे शब्द होते. इतकंच काय, ‘गोगोष्ठ’ म्हणजे गाईंचा गोठा असाही शब्द होता, ज्यात गाय दोनदा आली!

आता खरी गंमत. गुरं जिथे जमतात तिथे माणसंही जमतात. राखणीला बसलेल्यांच्या गप्पा होतात. या ‘गोष्ठ’वरूनच ‘गोष्ठी’ शब्द झाला, त्याचा अर्थ लोकांचा जमाव, बैठक, बोलणं. हिंदीत आजही चर्चासत्राला ‘संगोष्ठी’ म्हणतात. आणि मराठीत तीच झाली ‘गोष्ट’. आजी नातवाला सांगते ती गोष्ट आणि म्हैस बांधतो तो गोठा, हे एकाच घरातले सख्खे भाऊबहीण आहेत. ज्यांनी लहानपणी धारा काढायच्या वेळी गोठ्यात बसून गोष्टी ऐकल्यात, त्यांना याचं फार नवल वाटणार नाही.

एक सावधगिरी मात्र. ‘नाराज आमदार विरोधी गोटात’ अशी बातमी येते, तिथला ‘गोट’ म्हणजे तळ, छावणी. आमच्याकडे एकदा घाईत ‘विरोधी गोठ्यात’ असं छापून गेलं होतं. फोन किती आले ते विचारू नका.

गावोगावची नावं

विदर्भात बऱ्याच ठिकाणी गोठ्याला ‘कोठा’ म्हणतात, ढोरांचा कोठा. मराठवाड्यात शेतातल्या गुरांच्या जागेला आणि तिथल्या राहुटीला ‘आखाडा’ म्हणतात. बाहेरच्या माणसाला वाटतं इथे कुस्त्या होतात. पश्चिम महाराष्ट्रात पाचटाचं ‘सपार’ असतं. कोकणात ‘वाडा’, आणि दुपारी रानात गुरं सावलीला बसवतात ती ‘गोठण’. राजापूर तालुक्यातल्या गोठणे-दोनिवडे या गावाच्या नावात हाच शब्द ऐकू येतो. आपल्या शेजारच्या छत्तीसगडमध्ये गावच्या गुरांच्या जागेला ‘गौठान’ म्हणतात. तिथल्या सरकारने २०२० मध्ये २ रुपये किलोने शेण विकत घ्यायची योजना काढली, तेव्हा हा शब्द देशभर पेपरात आला.

मेंढ्यांची गोष्ट वेगळी. धनगर बांधव शेतात मेंढ्या बसवतात तेव्हा भोवती जाळं लावतात, ती ‘वाघूर’. कोंबड्यांचं खुराडं. घोड्यांची पागा, हा शब्द फारसीतून आला. तबेला अरबीतून; मूळ शब्दाचा अर्थ ‘लांब’, घोडे ओळीने बांधायचा लांब दोर. मुंबईत म्हशींच्या जागेलाही तबेलाच म्हणतात. हे तबेले शहराबाहेर न्यायचे म्हणून १९४९ मध्ये गोरेगावला आरे दूध वसाहत उभी राहिली.

आपल्या ‘दावण’चंही तसंच आहे. दावं म्हणजे दोर, संस्कृतात ‘दाम’. यशोदेने कृष्णाच्या पोटाला दावं बांधलं म्हणून तो ‘दामोदर’. गावात दामू नावाचे जितके आहेत तितक्यांच्या नावात दावं आहे. आणि ‘दावणीला बांधणे’ हा वाक्प्रचार तर निवडणुकीत रोज लागतो. संस्था, पक्ष, कारखाना, काहीही कुणाच्यातरी दावणीला बांधलेलं असतंच.

‘गव्हाण’ म्हणजे वैरण घालायची जागा. मराठी बायबलमध्ये बाळ येशूला ठेवलं ते गव्हाणीतच. वसईकडे नाताळात अंगणात देखावे करतात, त्यांना ‘नाताळ गोठे’ म्हणतात आणि ते बघायला गर्दी होते.

कोंडवाडा: गोठ्याचा सावत्र भाऊ

गोठ्यात जनावर आपलं म्हणून बांधतात, कोंडवाड्यात दुसऱ्याचं म्हणून. यामागे इंग्रजांच्या काळातला १८७१ चा गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा आहे. कुणाचं जनावर पिकात शिरलं तर ते धरून कोंडवाड्यात घालायचं, मालकाने दंड आणि वैरणपाण्याचा खर्च भरून सोडवायचं. मूळ कायद्यात अशी तरतूद आहे की ७ दिवसांत मालक आला नाही तर नोटीस लावायची, आणि त्यानंतरच्या ७ दिवसांतही कुणी आलं नाही तर जाहीर लिलाव. आमच्या लहानपणी गावात कोंडवाड्याची भिंत होती. शाळेत दंगा झाला की गुरुजी म्हणायचे, ‘वर्ग आहे का कोंडवाडा?’

दलित साहित्यात या शब्दाला फार मोठा अर्थ आला. दया पवार यांच्या १९७४ च्या कवितासंग्रहाचं नाव ‘कोंडवाडा’. माणसांनाच कोंडून ठेवणाऱ्या समाजासाठी याहून नेमका शब्द सापडणार नाही.

ओढाळ जनावराच्या गळ्यात लाकडाचा ओंडका अडकवायचे, ते ‘लोढणं’. पळालं की ओंडका पायात येतो. कर्जाचं लोढणं गळ्यात पडलं असं आपण म्हणतो तेव्हा ते चित्र डोळ्यासमोर आणून बघा. कर्ज तर फिटत नाहीच, पण पळायलाही देत नाही.

आणि ‘हे घर आहे का गोठा?’ या बोलण्यावर माझा आक्षेप आहे. दिवसातून दोनदा शेण काढून, पाणी मारून लखलखीत ठेवलेले गोठे मी पाहिलेत. ज्यांच्या घराला ही शिवी द्यावी त्यांचा मान उगाच वाढतो.

सरकारी कागदात गोठा

३ फेब्रुवारी २०२१ च्या शासन निर्णयाने शरद पवार ग्रामसमृद्धी योजना आली. त्यात २ ते ६ गुरांच्या पक्क्या गोठ्याला ७७,१८८ रुपये धरले होते. लांबी ७.७ मीटर, रुंदी ३.५ मीटर, सोबत गव्हाण आणि २५० लिटरचं मूत्रसंचय टाकं. अर्ज करायचा असेल तर सध्याचे दर आणि अटी ग्रामसेवकांकडून विचारून घ्या. जुना अंदाज धरून बसू नका. पण ‘गव्हाण’ शब्द सरकारी कागदात शाबूत राहिला, याचं मला बरं वाटलं.

गोठे मात्र कमी होताहेत. पशुगणनेनुसार राज्यात २०१२ मध्ये गाय-बैल सुमारे १ कोटी ५५ लाख होते, २०१९ मध्ये सुमारे १ कोटी ४० लाख राहिले. ट्रॅक्टर आला, बैल गेला. या वेळी कुणी झोपाही केला नाही.

संस्कृत व्याकरणकार पाणिनीने एका खास शब्दासाठी नियम सांगितलाय. जिथे पूर्वी गोठा होता पण आता नाही, त्या जागेला ‘गौष्ठीन’ म्हणायचं. अडीच हजार वर्षांपूर्वीही गोठे मोडत होते आणि लोकांना त्या रिकाम्या जागेला नाव लागत होतं. आमच्या घरी शेवटची म्हैस विकून नऊ वर्षं झाली. खुंट उपटले, फरशी घातली, आता तिथे मोटारसायकल आणि फवारणीचा पंप असतो. आई अजून रात्री ओरडून सांगते, ‘पाऊस येतोय, गाडी गोठ्यात लाव.’