घटना जाळण्याचं वाक्य: संसदेतलं भाषण कसं वाचावं

राज्यघटना जाळणारा पहिला माणूस मी असेन, हे डॉ. आंबेडकरांचं वाक्य तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर कितीदा तरी वाचलं असेल. प्रबंधात ते एकटं वापरू नका.

2 सप्टेंबर 1953 चं राज्यसभेचं कामकाज काढा. विषय आंध्र राज्याचं विधेयक. भाषावार राज्यात एखाद्या जातीचं वर्चस्व झालं, तर लहान समाजांना कोण वाचवणार, हा बाबासाहेबांचा प्रश्न. त्यासाठी राज्यपालाला खास अधिकार हवेत, ही मागणी. घटना तर तुम्हीच केलीत, या टोमण्याला उत्तर म्हणून ते वाक्य येतं. आणि लगेच पुढे बहुसंख्याकांना बजावणं: अल्पसंख्याकांना दुखावणं लोकशाहीला सगळ्यात घातक. फॉरवर्डमध्ये नेमका हाच भाग गळतो.

आता 19 मार्च 1955 ला या. चौथ्या घटनादुरुस्तीच्या चर्चेत एक सदस्य त्यांना जुन्या वाक्याची आठवण करून देतात. उत्तर असं, की देवासाठी मंदिर बांधलं, पण देव बसण्याआधीच सैतानानं ताबा घेतला, तर मंदिर पाडण्याशिवाय काय उरतं? आपल्या नाशिककरांना इथे 1930 चा काळाराम मंदिर सत्याग्रह आठवणारच. पण तो संबंध आपण जोडतोय, वक्त्यानं नाही. लिहिताना तसं स्पष्ट म्हणा.

महाराष्ट्र शासनाच्या आंबेडकर ग्रंथमालेचा 15 वा खंड त्यांच्या संसदेतल्या भाषणांचा आहे. मधले व्यत्यय गाळू नका बरं का, खरा वाद बऱ्याचदा तिथेच असतो.