विडी कोणासमोर ओढायची?

गिरणगावातल्या चाळींत एक रीत होती. वडील जिन्यावर दिसले, की पंचविशीतला मुलगा हातातली विडी पाठीमागे लपवी. वडील स्वतः विडी ओढत, मुलगा ओढतो हेही त्यांना ठाऊक असे. पण समोर ओढली तर मान राखला नाही. छातीची, खोकल्याची काळजी त्यात नव्हती. प्रश्न एवढाच, कोणासमोर?

बायकांचे निराळे. काळी तंबाखू तव्यावर भाजून केलेली मिश्री हिरड्यांना लावल्याशिवाय कित्येक आज्यांना सकाळी काम सुचत नसे. भाजताना शेजारपाजारला ठसका लागे! पण तिला व्यसन कोण म्हणणार? ते तर दात घासणे. गरोदर लेकीसुनाही लावत. पोटातल्या बाळाला तंबाखू बाधते, हे त्यांना सांगणार कोण?

दारूचे मात्र आपल्याकडे १९५६ पासून स्पष्ट आहे. १४ ऑक्टोबरला नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. पंचशीलातले पाचवे शीलही तेच. शिवाय १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा होता. तरी हातभट्टी चाललीच. पगाराच्या दिवशी बायका गिरणीच्या गेटवर उभ्या राहत, त्या काही नवऱ्याच्या ओढीने नव्हे. पाकीट गुत्त्यावर जाण्याआधी हातात पडावे म्हणून.

आता नातू म्हणतो, "माझा पैसा, माझी मर्जी." लपवाछपवी गेली, हे एका परीने बरेच. पण २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक जागी धूम्रपानाला बंदी आली, ती शेजारच्याच्या श्वासासाठी. दहा बाय दहाच्या खोलीतला धूर पाळण्यापर्यंत जातो. आज दहा वर्षांची पोर "काका, बाहेर जाऊन ओढा" म्हणते. आजोबांच्या काळी तिला थप्पड बसली असती.

आणि ही मर्जी घरात सगळ्यांची सारखी मोजतात का? मुलगा रोज पिऊन आला तर "दमतो बिचारा." सुनेने ऑफिसच्या पार्टीत ग्लास हातात धरला असे नुसते कळू द्या, तिचे माहेर काढतात! खरे की नाही, ताई? दारू वाईट, तर ती दोघांनाही वाईट.

बायकांची मर्जी कागदावर तरी मोजली जाते. २००८ च्या महाराष्ट्र शासनाच्या आदेशाप्रमाणे पंचवीस टक्के स्त्री मतदारांनी सह्या करून मागणी केली, की दारूच्या दुकानासाठी मतदान घेता येते. निम्म्याहून जास्त स्त्री मतदारांनी 'आडव्या बाटली'ला मत दिले, की दुकान बंद. सही करणारीचा नवरा त्याच दुकानाचे गिऱ्हाईक असेल, तरी सही तिची.